स्पष्टोक्ती आणि मुत्सद्देगिरी

स्पष्टवक्तेपणा हा आपल्या चळवळीचा अलंकार मानला जातो, आणि ते योग्यच आहे. ज्या समाजाला शतकानुशतके तोंड उघडण्याची मनाई होती, त्या समाजाने बोलावयास शिकल्यावर खणखणीत बोलावे यात नवल नाही. याउलट 'मुत्सद्दी' हा शब्द आपल्या कानांना फारसा रुचत नाही. पोटात एक आणि ओठांत एक असलेला, गोड बोलून काम साधणारा मनुष्य त्या शब्दाबरोबर आपल्या डोळ्यांपुढे उभा राहतो. वास्तविक हा शब्द मूळचा दप्तरातला. कारभार पाहणारा, लिहिणारा, हिशेब ठेवणारा तो मुत्सद्दी. नेमके लिहिणे हे त्याचे पहिले कर्तव्य होते. स्पष्टोक्ती आणि मुत्सद्देगिरी या एकमेकींच्या वैरिणी आहेत, हा समज आम्हांस चुकीचा वाटतो. परदेशात राहणाऱ्या आपल्या कुटुंबांना हा समज फार महाग पडतो, म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने त्याविषयी चार शब्द लिहावे असे आम्ही योजिले.

आम्ही ज्या मेसईद नगरीतून हे लिहीत आहोत, ती दोह्याच्या दक्षिणेस सुमारे ४० किलोमीटरवर, समुद्राच्या काठी वसलेली आहे. जुने लोक तिला अजून उम्म सईद म्हणतात. खत, पोलाद, पेट्रोरसायने आणि तेलशुद्धीकरण यांच्या कारखान्यांभोवती ही वसाहत वाढली. आपल्यापैकी कोणी वेल्डर म्हणून आला, कोणी फिटर म्हणून, कोणी अभियंता म्हणून. पुढे काहींची कुटुंबे आली, मुले येथल्या शाळांत शिकली. परंतु येथे आपण पाहुणे आहोत. आपणांस येथे मत नाही, आणि आपला मुक्काम हातातल्या नोकरीशी बांधलेला आहे. अशा ठिकाणी बोललेल्या शब्दाला वजन येते, आणि न बोललेल्या शब्दालाही येते. ज्या देशात आपण राहतो, त्याने तर बोलणी घडवून आणणे हा जणू आपला राष्ट्रीय व्यवसायच केला आहे. लेबनॉनमधील भांडणाऱ्या पक्षांचा समझोता २००८ साली दोह्यात झाला. अमेरिका आणि तालिबान यांचा करार २९ फेब्रुवारी २०२० रोजी येथेच झाला. अशा भूमीवर राहून, काय बोलावे आणि कसे बोलावे या प्रश्नाकडे आपण दुर्लक्ष करावे हे बरे नव्हे.

या प्रश्नाचे उत्तर शोधावयास आपणांस दूर जाण्याची गरज नाही. बाबासाहेबांना आपण विद्वान, घटनाकार, समाजक्रांतिकारक आणि धम्मप्रवर्तक म्हणून ओळखतो. एक मुत्सद्दी म्हणून त्यांचा अभ्यास मात्र आपण क्वचितच करतो.

पहिल्या गोलमेज परिषदेचा प्रसंग घ्या. २० नोव्हेंबर १९३० रोजी लंडनमध्ये बाबासाहेब बोलावयास उभे राहिले, तेव्हा यजमान होते ब्रिटिश सरकार. परिषदेचे निमंत्रण त्यांचेच होते आणि निर्णयही त्यांच्याच हाती होता. अशा ठिकाणी आलेल्या पाहुण्याने यजमानाची स्तुती करून मग हळूच आपली मागणी पुढे सरकवावी, अशी जगाची रीत. बाबासाहेबांनी काय केले? इंग्रजांचे राज्य येण्यापूर्वी अस्पृश्याला सार्वजनिक विहिरीवर पाणी भरता येत नव्हते, ते आज येते काय? देवळात जाता येत नव्हते, ते आज येते काय? पोलिसांत नोकरी मिळत नव्हती, ती आज मिळते काय? असे एकामागून एक प्रश्न त्यांनी यजमानांपुढे ठेवले. इंग्रजांनी येथील समाजव्यवस्था जशीच्या तशी उचलली, हे सांगताना त्यांनी एका चिनी शिंप्याचा दाखला दिला. नमुना म्हणून दिलेला जुना कोट पाहून त्या शिंप्याने नवा कोट शिवला, तो जुन्याच्या ठिगळांसह आणि फाटक्या भागांसह! ऐकणाऱ्यांना हसू यावे, आणि त्या हसण्यात राज्यकर्त्यांची दीडशे वर्षांची निष्क्रियता मान्यही व्हावी, अशी ही योजना होती. या भाषणात एकही शिवी नाही. त्याचबरोबर एकही मागणी मऊ केलेली नाही. नोकरशाहीचे राज्य जाऊन लोकांचे राज्य यावे, आणि त्या राज्यात आमचा वाटा निश्चित असावा, हे त्यांनी राज्यकर्त्यांच्या तोंडावर सांगितले.

१४ ऑगस्ट १९३१ रोजी मुंबईच्या मणिभवनात गांधीजींशी त्यांची भेट झाली. तेथे विनोदाला जागा नव्हती. ज्या देशात आपणांस कुत्र्यामांजरापेक्षाही हीन वागणूक मिळते, त्या देशाला आपला म्हणावे कसे, हा प्रश्न बाबासाहेबांनी तेथे सरळ मांडला. पुढे दुसऱ्या गोलमेज परिषदेत दोघांचा मतभेद साऱ्या जगासमोर आला. पण त्यानंतरच्या वर्षी, सप्टेंबर १९३२ मध्ये, येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींचे उपोषण सुरू असताना हाच स्पष्टवक्ता पुरुष वाटाघाटीस बसला. जातीय निवाड्याने दिलेला स्वतंत्र मतदारसंघ सोडावा लागला. परंतु प्रांतिक कायदेमंडळांतील ७१ जागांच्या ठिकाणी १४८ राखीव जागा पदरात पाडून घेऊनच २४ सप्टेंबरला त्यांनी पुणे करारावर सही केली. करार झाल्यावर दुसऱ्या दिवशी मुंबईच्या सभेत ते प्रतिपक्षाविषयी सौजन्याने बोलले. आणि त्या कराराचे पुढे काय झाले, याविषयीचा आपला परखड निष्कर्ष १९४५ साली त्यांनी ग्रंथरूपाने जगापुढे ठेवला. सौजन्याने दिलेल्या शब्दाचाही हिशेब मागण्याचा अधिकार त्यांनी सोडला नाही, हे येथे ध्यानात घ्यावे.

तिसरा प्रसंग १७ डिसेंबर १९४६ चा. घटना समितीत पंडित नेहरूंनी उद्दिष्टांचा ठराव मांडला होता. मुस्लीम लीगचे सभासद आलेले नव्हते. ते येईपर्यंत ठराव थांबवावा, अशी उपसूचना बॅ. मुकुंदराव जयकरांनी आणली, आणि ती सभागृहाला रुचली नव्हती. बंगालमधून निवडून आलेल्या बाबासाहेबांना अध्यक्ष राजेंद्रप्रसादांनी अनपेक्षितपणे बोलावयास सांगितले. काँग्रेसचा हा कठोर टीकाकार आता कडाडणार, अशी अनेकांची अपेक्षा असणार. त्यांनी आरंभी ठरावातील उणीव स्पष्ट सांगितली: हक्क दिले आहेत पण हक्कभंगावर उपाय दिलेला नाही; आर्थिक न्यायाचा उच्चार आहे पण उद्योग आणि जमीन यांच्या राष्ट्रीयीकरणाचे नाव नाही. इतके सांगून झाल्यावर त्यांनी सूर बदलला. आज आपण राजकीय, सामाजिक आणि आर्थिक दृष्ट्या विभागलेले असलो, तरी हा देश एक होईल असा आपला विश्वास आहे, असे ते म्हणाले. सत्ता हाती असणे निराळे आणि शहाणपणाने वागणे निराळे, हे बहुमतवाल्यांना त्यांनी बजावले आणि हा प्रश्न युद्धाने सोडविण्याची कल्पना किती भयंकर आहे, याचा इशारा दिला. सभागृहाने ते भाषण टाळ्यांच्या गजरात ऐकले. ठरावावरील निर्णय पुढे ढकलला गेला आणि तो २२ जानेवारी १९४७ रोजी संमत झाला. फाळणीनंतर बंगालमधील जागा गेली, तेव्हा त्याच राजेंद्रप्रसादांनी मुंबईचे पंतप्रधान बाळासाहेब खेर यांना पत्र लिहून बाबासाहेबांना जयकरांच्या रिकाम्या झालेल्या जागेवर निवडून आणावयास सांगितले. या पत्रामागे एकट्या त्या भाषणाचा प्रभाव होता असे आम्ही म्हणत नाही. परंतु त्या भाषणाने दारे उघडी ठेवली, हे कोणी नाकारू नये.

आता चौथी गोष्ट, आणि परदेशात राहणाऱ्या आपणां सर्वांच्या दृष्टीने ती सर्वांत महत्त्वाची आहे. १९४६ मध्ये अमेरिकेतील निग्रो समाजाच्या वतीने संयुक्त राष्ट्रसंघाकडे अर्ज गेल्याचे बाबासाहेबांच्या वाचनात आले. त्यांनी तेथील विचारवंत डॉ. डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना पत्र लिहून त्या अर्जाच्या प्रती मागविल्या. आपल्या बांधवांचा प्रश्नही जगाच्या दरबारात न्यावा, असा त्यांचा विचार होता. तसा एक अहवाल त्यांनी तयारही केला. परंतु तो सादर केला नाही. घटना समितीला आणि भावी संसदेला हा प्रश्न सोडविण्याची एक संधी द्यावी, असे त्यांना वाटले. ही हकिगत आपणांस कशी कळते? ती त्यांनी स्वतःच सांगितली. ऑक्टोबर १९५१ मध्ये, मंत्रिमंडळाच्या राजीनाम्यासंबंधीच्या निवेदनात. तेव्हा त्यांनी असेही सांगितले की, अस्पृश्यांच्या स्थितीत पालट झालेला नाही. ते निवेदन सभागृहात वाचण्यावरून अडथळा येताच ते बाहेर पडले आणि त्यांनी ते वृत्तपत्रांच्या हाती दिले.

या एका उदाहरणात संयम आणि स्पष्टोक्ती यांचे खरे नाते आम्हांस दिसते. अहवाल रोखून धरला तो संयम. पण त्याला कारण होते, त्याला मुदत होती, आणि मुदत संपल्यावर रोखल्याची गोष्टसुद्धा जाहीर झाली. ज्या मौनाला मुदत नाही, त्याला मुत्सद्देगिरी म्हणता येत नाही. ते निव्वळ भय असते, आणि भयाला भारदस्त नाव दिल्याने त्याचे स्वरूप बदलत नाही.

राजीनाम्याच्या त्याच निवेदनात परराष्ट्र धोरणावरही टीका होती. स्वतंत्र झालो तेव्हा कोणी आपले वाईट चिंतीत नव्हते, आणि चार वर्षांत आपण मित्र गमावले, असा त्यांचा आक्षेप होता. ३५० कोटींच्या महसुलातून १८० कोटी सैन्यावर खर्च होतात, हा आकडा त्यांनी पुढे ठेवला. पुढे २६ ऑगस्ट १९५४ रोजी राज्यसभेत पंचशील करारावर बोलताना, ज्या शब्दाचा उगम बुद्धवचनात आहे, त्याच्या आड चीनच्या राज्यकर्त्यांचा हेतू लपू नये, असे त्यांनी सुचविले. माओंचा पंचशीलावर विश्वास असता, तर त्यांच्या देशातील बौद्धांना निराळी वागणूक मिळाली असती, असा त्यांचा मुद्दा होता. १९६२ साली काय घडले ते सर्वांस ठाऊक आहे. परराष्ट्रव्यवहारात गोड शब्द वापरावेत, पण त्या शब्दांवर स्वतःच भुलू नये, हा त्यातील बोध.

भगवान बुद्धांनी वाणीविषयी जो विवेक सांगितला, तोही येथे स्मरणीय आहे. मज्झिमनिकायातील अभयराजकुमार सुत्तात राजपुत्र अभय तथागतांना पेचात टाकण्यासाठी विचारतो की, तथागत दुसऱ्याला अप्रिय होईल असे बोलतील काय? तथागत त्याच्याच मांडीवरील अर्भकाकडे पाहून विचारतात, या बालकाने तोंडात काटकी किंवा खडा घातला तर तू काय करशील? अभय उत्तरतो की, रक्त आले तरी बोट घालून मी तो बाहेर काढीन, कारण माझी त्याच्यावर करुणा आहे. मग तथागत निकष सांगतात. जे असत्य आहे ते बोलावयाचे नाही, ते प्रिय असो की अप्रिय. जे सत्य असून हितकर नाही, तेही बोलावयाचे नाही. जे सत्य आणि हितकर आहे, ते ऐकणाऱ्याला प्रिय असो वा अप्रिय, त्यासाठी योग्य वेळ पाहावयाची. लक्षात घ्यावे, वेळ पाहावयाची आहे. सत्य गाळावयाचे नाही.

हा निकष घेऊन आपल्या अवतीभवती पाहावे. जून २०२२ मध्ये भारतातील एका राजकीय प्रवक्त्याच्या उद्गारांवरून कतारने भारतीय राजदूतांना पाचारण करून निषेध नोंदविला, आणि जाहीर क्षमायाचनेची अपेक्षा व्यक्त केली. त्याच वेळी भारताचे उपराष्ट्रपती कतारच्या भेटीवर होते. निषेधाचा शब्द बोथट केला गेला नाही, आणि पाहुण्यांची भेटही मोडली नाही. पुढे ऑगस्ट २०२२ मध्ये भारतीय नौदलातील आठ माजी कर्मचाऱ्यांना येथे अटक झाली आणि २६ ऑक्टोबर २०२३ रोजी त्यांना देहदंडाची शिक्षा सुनावली गेली. मायदेशी मोठी खळबळ उडाली. येथे राहणाऱ्या आम्हां भारतीयांच्या घरांतही त्या आठवड्यात दुसरा विषय नव्हता. भारत सरकारने धक्का बसल्याचे स्पष्ट सांगितले, कायदेशीर मार्ग अवलंबिला, वरच्या पातळीवर बोलणी केली. पण आरोपांविषयी वा न्यायालयाविषयी जाहीर वाद घातला नाही. २८ डिसेंबरला शिक्षा सौम्य झाली आणि १२ फेब्रुवारी २०२४ रोजी आठांपैकी सात जण मायदेशी पोहोचल्याची वार्ता आली. त्याच महिन्याच्या ६ तारखेला गोव्यात दोन्ही देशांत द्रवरूप वायूचा करार झाला होता: २०२८ पासून २० वर्षे, प्रतिवर्षी ७५ लाख टन. पडद्याआड काय बोलणे झाले ते आपणांस दिसले नाही, आणि दिसण्याची आवश्यकताही नव्हती. आठ माणसे सुटावीत, ही मागणी पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत तीच राहिली, एवढे मात्र दिसले.

आता ही दोन राष्ट्रांची गोष्ट झाली. मजुराच्या बाजूने कोण बोलतो? त्याचेही उदाहरण याच भूमीत आहे. जून २०१४ मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या परिषदेत कामगारांच्या प्रतिनिधींनी कतारविरुद्ध रीतसर तक्रार दाखल केली. कफाला पद्धतीत मालकाच्या संमतीवाचून नोकरी बदलता येत नाही, देश सोडता येत नाही, हे त्यांनी आडपडदा न ठेवता मांडले. तीन वर्षे ती तक्रार टांगती राहिली. दरम्यान बोलणी झाली. नोव्हेंबर २०१७ मध्ये सहकार्याचा कार्यक्रम ठरून तक्रार मिटली, आणि एप्रिल २०१८ मध्ये त्या संघटनेचे कार्यालय दोह्यात उघडले. त्याच वर्षी बहुतेक कामगारांसाठी देश सोडण्याच्या परवान्याची अट गेली. २०२० मध्ये नोकरी बदलण्यासाठी मालकाच्या ना-हरकत पत्राची अट कायद्याने गेली. मार्च २०२१ पासून सर्वांना १,००० रियाल किमान वेतन लागू झाले. त्याच वर्षापासून १ जून ते १५ सप्टेंबर या काळात सकाळी १० ते दुपारी ३.३० उघड्यावरील काम बंद ठेवण्याचा नियम आला. कायद्यात आले ते सर्व कारखान्याच्या फाटकापर्यंत पोहोचले, असा दावा आम्ही करणार नाही. रात्रपाळीच्या बसमध्ये बसणाऱ्याला खरे काय ते ठाऊक असते. परंतु नुसत्या तक्रारीने हे झाले नसते आणि नुसत्या गोड बोलण्यानेही झाले नसते.

काही मित्र येथे एक शंका काढतात. बाबासाहेबांनी अहवाल रोखला, तर मग २००१ साली दरबानच्या जागतिक परिषदेत आपल्या कार्यकर्त्यांनी जातीचा प्रश्न नेला, तो उतावळेपणा नव्हे काय? घरातील गोष्ट चव्हाट्यावर नेणे योग्य आहे काय? आमचे उत्तर असे. बाबासाहेबांनी संसदेला संधी दिली होती. १९५५ चा अस्पृश्यतेविरुद्धचा कायदा झाला, १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा झाला, आणि तरीही अत्याचार थांबले नाहीत; याची कागदपत्रे घेऊन ते कार्यकर्ते दरबानला गेले होते. जात हा देशांतर्गत प्रश्न आहे, अशी भारत सरकारची भूमिका होती आणि अंतिम घोषणापत्रात जातीचा उल्लेख आला नाही. परंतु पुढच्याच वर्षी संयुक्त राष्ट्रसंघाच्या वंशभेद निर्मूलन समितीने जन्माधारित भेदभावात जातीचा स्पष्ट समावेश केला. ज्याने आधी घरात सांगून पाहिले आहे, त्याने दाराबाहेर येऊन सांगितले, तर त्याला घरभेदी म्हणता येणार नाही.

इतके सांगितल्यावर आमच्याच अंगणातील एक गोष्ट सांगितली पाहिजे, आणि ती आम्हांस भूषणावह नाही. काही वर्षांपूर्वी एका उपकंत्राटदाराकडील आठ मजूर शुक्रवारी आमच्या बैठकीस आले. त्यांपैकी तिघे मराठवाड्यातील होते. चार महिन्यांचे वेतन थकले होते. बैठकीत दोन तट पडले. तरुण मंडळी म्हणाली, कंपनीचे नाव आणि छायाचित्रे आजच्या आज सर्वत्र पाठवू. ज्येष्ठ मंडळी म्हणाली, आपण पाहुणे, उद्या आपल्याच नोकरीवर गदा येईल, जरा थांबू. या वादात तीन शुक्रवार गेले. चौथ्या शुक्रवारी एका काकांनी कोरा कागद पुढे ओढला आणि प्रत्येकाचे नाव, रुजू झाल्याची तारीख, ठरलेला पगार आणि थकलेली रक्कम असे रकाने पाडले. मसुदा तयार होताना तरुणांनी घातलेला 'लबाड' हा शब्द गळाला, ते बरेच झाले. ज्येष्ठांपैकी एकाने 'वेतन मिळालेले नाही' हे वाक्य 'वेतनास विलंब झालेला आहे' असे करावे, असे सुचविले. त्यावर त्या आठांपैकी एकाने शांतपणे विचारले, "दादा, विलंब म्हणजे मिळणार हे ठरलेलं असतं ना?" कोणाजवळ उत्तर नव्हते. 'मिळालेले नाही' हेच शब्द राहिले. अर्ज अरबी भाषेत करून घेतला, एक प्रत श्रम खात्याकडे आणि एक भारतीय वकिलातीकडे गेली. दोन महिन्यांत सहा जणांचा पैसा मिळाला. उरलेले दोघे आमच्या वादाच्या तीन आठवड्यांत कंटाळून, हाती तिकिटापलीकडे काही न घेता गावी परतले होते. त्यांची रक्कम आमच्या वहीत अद्याप येणे म्हणून लिहिलेली आहे.

त्या कागदाने आम्हांस जे शिकविले ते असे. विशेषण गाळावे, वस्तुस्थिती गाळू नये. शब्द कोणापुढे, कोणत्या क्रमाने आणि केव्हा ठेवावयाचा हे ठरविण्यात मुत्सद्देगिरी आहे. शब्दाचा अर्थ पातळ करण्यात ती नाही. आणि हे ठरविण्यास लागणारा वेळ दुसऱ्याच्या पोटाला चिमटा काढून घेतलेला असतो, याचे भान सुटता कामा नये.

हाच निकष आपल्या घरांनाही लागू आहे. येथल्या मराठी मंडळींच्या स्नेहसंमेलनात कोणी सहज विचारतो, "तुम्ही कुठले? आडनाव काय?" आणि मग आडनावावरून पुढचा प्रश्न येतो. आपल्यापैकी कित्येकजण तेथे विषय बदलतात. जिल्ह्याचे नाव सांगतात, कंपनीचे नाव सांगतात. शेजारी उभे असलेले आपले मूल ते पाहत असते. त्या घटकेला भांडण काढावे असे कोणी म्हणत नाही. "आम्ही बौद्ध आहोत" एवढे चार लोकांत, हसतमुखाने, पुढची विचारपूस करीत सांगता येते. विचारणारा बहुधा ते ऐकून घेतो. न घेतल्यास तो त्याचा प्रश्न असतो. परंतु आपण विषय बदलला, तर घरी आल्यावर बाबासाहेबांच्या प्रतिमेसमोर त्या मुलाला आपण काय सांगणार? लंडनमध्ये राज्यकर्त्यांपुढे ते काय बोलले, हे सांगताना आपला आवाज चढतो. आणि जेवणाच्या ताटापाशी शेजाऱ्याने साधा प्रश्न विचारला की तो का बसतो?

म्हणून आमची आपल्या सर्व कुटुंबांस नम्र सूचना आहे की, वकिलातीपुढे, कंपनीपुढे, इतर भारतीयांपुढे आणि आपल्या बैठकीत आपली मागणी एकच असावी. सूर मात्र स्थळकाळानुसार निराळा असावा. जेथे थांबावयाचे ठरेल, तेथे किती थांबावयाचे याची तारीख वहीत लिहावी. ती तारीख उलटली की ठरल्याप्रमाणे बोलावे. त्या दोन मजूर बांधवांच्या थकलेल्या वेतनाचा पाठपुरावा पुन्हा हाती घेऊन या नियमाचा आरंभ करावा, आणि त्याचे काय झाले ते पुढील वर्षाच्या स्मरणिकेत, यश असो वा अपयश, जसे घडले तसे छापावे.

जय भीम!